चष्मा जातो, डोळा तोच राहतो
निकटदृष्टिदोषावरील लेझर शस्त्रक्रिया : अडचणी, गुंतागुंत आणि आपली जबाबदारी

मे महिना आला, की आम्हा नेत्रतज्ज्ञांच्या दवाखान्यात एका विशिष्ट प्रकारच्या मंडळींची वर्दळ वाढते. खरे तर त्यांना रुग्ण म्हणणेही अवघड. वय एकवीस-बावीस, प्रकृती ठणठणीत, डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा आणि शेजारच्या खुर्चीत काळजीत पडलेली आई. मुलीचे लग्न ठरत असते, मुलाला सैन्यात किंवा पोलिसांत भरती व्हायचे असते, नाहीतर नोकरीवर रुजू होण्यापूर्वी ‘हे एकदाचे उरकून टाकायचे’ असते. प्रश्न मात्र एकच असतो, “डॉक्टर, लेझरनं चष्मा कायमचा जाईल ना?”

या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर एका वाक्यात देता येत नाही. स्मरणिकेच्या संपादक मंडळाने लेख मागितला, तेव्हा हाच विषय निवडावा असे म्हणूनच वाटले. आपल्या बेळगावच्या डॉक्टर मंडळींपैकी जवळजवळ प्रत्येकाला हा प्रश्न घरातून, शेजारातून किंवा आपल्या रुग्णांकडून कधी ना कधी विचारला गेलेला आहे. या शस्त्रक्रियेला विरोध करण्याचा माझा मुळीच हेतू नाही. मी स्वतः ती अनेक वर्षे करीत आलो आहे आणि चष्म्याविना पहिल्यांदाच घड्याळ वाचणाऱ्या तरुण चेहऱ्यावरचा आनंद मी पुष्कळदा पाहिला आहे. परंतु एका रुग्णाने मला जे शिकवले, ते सांगितल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही. म्हणून तेथूनच सुरुवात करतो.

एका मुलीचा प्रश्न

२००३ सालची गोष्ट. अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाची एक विद्यार्थिनी आईबरोबर आली. वय एकवीस, दोन्ही डोळ्यांचा नंबर उणे सात. त्या काळी माझ्याकडे लेझरचे यंत्र नव्हते. ठरलेल्या दिवशी रुग्णांना घेऊन मोठ्या शहरातील एका केंद्रात जायचे, तेथील यंत्रावर शस्त्रक्रिया करायच्या आणि रात्री परतायचे, असा आमचा शिरस्ता होता. तपासणीत तिच्या पारपटलाची, म्हणजे कॉर्नियाची, जाडी ५०५ मायक्रॉन भरली. सरासरी जाडी ५४० च्या आसपास असते, तेव्हा ती थोडी कमीच होती. पारपटलाच्या पृष्ठभागाचा नकाशा काढला, त्यात उजव्या डोळ्याचा खालचा भाग वरच्यापेक्षा किंचित अधिक उभार दिसत होता. ती कॉन्टॅक्ट लेन्स वापरीत असे. त्यामुळेच असे दिसत असेल, अशी मी माझी समजूत घातली.

गणित मांडले. वरचा पापुद्रा १६० मायक्रॉनचा, लेझरने झिजवायचा भाग ८४ मायक्रॉनचा आणि खाली उरणारा थर २६१ मायक्रॉनचा. किमान २५० उरावेत, असा तेव्हाचा सर्वमान्य दंडक होता. कागदावर आम्ही त्याच्या आत होतो. दुसऱ्या दिवशी तिला दोन्ही डोळ्यांनी शेवटची ओळ वाचता आली. आठवड्याने तिच्या आईने कुंद्याचा डबा आणून दिला.

२००६ मध्ये ती पुण्याहून सुट्टीला आली, ती तक्रार घेऊनच. रात्री दिव्यांना शेपट्या फुटल्यासारख्या दिसतात, संगणकावरची अक्षरे दुहेरी दिसतात आणि नवा चष्मा लावूनही फरक पडत नाही. नकाशा काढला आणि माझ्या पोटात गोळा आला. उजवे पारपटल खालच्या बाजूला शंकूसारखे पुढे आले होते. आमच्या शास्त्रात याला पोस्ट-लॅसिक इक्टेशिया म्हणतात. कमकुवत झालेले पारपटल डोळ्यातील दाबापुढे हळूहळू नमते आणि फुगते.

सर्व समजावून सांगितल्यावर ती थोडा वेळ गप्प बसली. रडली नाही, रागावली नाही. तिने एवढेच विचारले, “असं होऊ शकतं, हे तुम्हाला आधी माहीत होतं का?”

माहीत होते. १९९८ मध्ये थिओ झायलर यांनी अशा रुग्णांचे पहिले वृत्त प्रसिद्ध केले होते. संमतिपत्राच्या दुसऱ्या पानावर बारीक अक्षरांत ते छापलेलेही होते आणि त्याखाली तिची सही होती. पण मी ते माझ्या तोंडाने तिला सांगितले नव्हते. त्या दिवसापासून या शस्त्रक्रियेकडे पाहण्याची माझी दृष्टी बदलली.

निरोगी डोळ्यावरची शस्त्रक्रिया

मोतीबिंदू काढताना आपण आजारी भिंग काढतो. अपेंडिक्स काढताना सुजलेला अवयव काढतो. लेझरने चष्म्याचा नंबर घालवताना मात्र आपण अशा डोळ्याला हात लावतो, जो चष्मा लावून उत्तम पाहू शकतो. या शस्त्रक्रियेचे सारे अवघडपण या एका गोष्टीत आहे. आजार मोठा असेल तर धोका पत्करणे समर्थनीय ठरते. येथे पर्यायी उपाय नाकावर बसलेला असतो आणि तो पूर्णतः निर्धोक असतो.

निकटदृष्टिदोषात डोळ्याचा गोल बहुधा लांब असतो. सर्वसाधारण डोळ्याची पुढून मागे लांबी सुमारे २४ मिलिमीटर असते. ती एका मिलिमीटरने वाढली, तर नंबर साधारण अडीच ते तीनने वाढतो. किरण दृष्टिपटलावर न पडता त्याच्या पुढेच एकत्र येतात आणि दूरचे धूसर दिसते. डोळ्याच्या एकूण सुमारे ६० डायॉप्टर शक्तीपैकी ४३ च्या आसपास शक्ती एकट्या पारपटलाची असते. त्याचा मधला भाग थोडा सपाट केला, की किरण मागे सरकून दृष्टिपटलावर पडतात. लेझर एवढेच करतो. लांबलेला डोळा आखूड होत नाही, ताणलेले दृष्टिपटल पूर्ववत होत नाही. हा मुद्दा लेखाच्या उत्तरार्धात पुन्हा येणार आहे, तो वाचकांनी लक्षात ठेवावा.

झिजवण्याचे गणितही सोपे आहे. सहा मिलिमीटर व्यासाच्या भागात एक नंबर घालवायला सुमारे १२ मायक्रॉन जाडी खर्च होते. साडेसहा मिलिमीटर घेतले, तर १४. उणे आठच्या रुग्णाची शंभराहून अधिक मायक्रॉन जाडी कायमची जाते. ही मुद्दल आहे, व्याज नव्हे. एकदा खर्च झाली, की परत भरता येत नाही.

इतिहास काय सांगतो?

चष्मा घालवण्याचा ध्यास जुना आहे. जपानमध्ये त्सुतोमु सातो यांनी १९३० च्या दशकाच्या अखेरीपासून पारपटलाला आतून आणि बाहेरून चिरा देण्याचे प्रयोग केले. सुरुवातीचे निकाल उत्साहवर्धक होते. पण पारपटलाच्या आतील पेशींचा नाजूक थर या चिरांनी जखमी होत होता, त्याचे महत्त्व तेव्हा कळलेले नव्हते. पुढे वीस-वीस वर्षांनी त्यातील अनेकांचे पारपटल पाणी धरून अपारदर्शक झाले.

१९७० च्या दशकात सोव्हिएत रशियात स्व्यातोस्लाव फ्योदोरोव यांनी केवळ बाहेरून, चाकाच्या आऱ्यांसारख्या चिरा देण्याची पद्धत रूढ केली. ती जगभर पसरली. अमेरिकेत तिचा दहा वर्षे पाठपुरावा झाला आणि १९९४ मध्ये निकाल प्रसिद्ध झाले. शेकडा ४३ डोळ्यांचा नंबर एक किंवा अधिक डायॉप्टरने अधिक नंबराच्या बाजूला सरकला होता. उणे नंबर घालवायला आलेल्यांना पुढे अधिक नंबराचा चष्मा लागला.

लेझरच्या जन्माशी आपल्या देशातील एक नाव जोडलेले आहे. मद्रास विद्यापीठात शिकलेले रंगस्वामी श्रीनिवासन अमेरिकेत आय.बी.एम.च्या प्रयोगशाळेत काम करीत. २७ नोव्हेंबर १९८१ रोजी, आदल्या दिवशीच्या सणाच्या जेवणातून उरलेला टर्कीचा तुकडा त्यांनी १९३ नॅनोमीटर तरंगलांबीच्या एक्सायमर लेझरखाली धरला. कडा न जळता, भोवतालचा भाग न तापता अतिशय सुबक छेद मिळाला. जेम्स विन आणि सॅम्युअल ब्लम या सहकाऱ्यांसह त्यांनी हा शोध पुढे नेला. १९८३ मध्ये स्टीफन ट्रोकेल या नेत्रतज्ज्ञाने श्रीनिवासन यांच्यासोबत पारपटलावर त्याचा प्रयोग केला. १९८८ मध्ये मार्गरिट मॅकडोनल्ड यांनी दृष्टी असलेल्या मानवी डोळ्यावर ही शस्त्रक्रिया केली. पापुद्रा उचलून त्याखाली झिजवण्याची कल्पना मुळात कोलंबियातील होसे बाराकेर यांच्या कामातून आली. १९९० च्या सुमारास क्रीट बेटावरील इओआनिस पालिकारिस यांनी तिची लेझरशी सांगड घातली आणि लॅसिक हे नाव दिले.

या इतिहासाचा धडा स्पष्ट आहे. प्रत्येक नव्या पद्धतीचा पहिला महिना सुंदर असतो. तिचे दोष दिसायला मात्र दहा-वीस वर्षे लागतात आणि तोवर शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर कदाचित निवृत्तही झालेला असतो.

खरी शस्त्रक्रिया तपासणीच्या खोलीत होते

लेझरचे यंत्र दर स्पंदामागे मायक्रॉनचा सुमारे पाव भाग झिजवते. डोळा हलला तर किरण त्याचा माग घेतात. यंत्राच्या या अचूकतेमुळे आपली एक फसगत होते, ती म्हणजे निवडही यंत्रच करील असे वाटू लागते. बहुतेक मोठ्या गुंतागुंतींची बीजे टेबलावर नसतात, आधीच्या निवडीत असतात.

केराटोकोनस या आजारात पारपटल मुळातच कमकुवत असते. त्याची सुरुवातीची अवस्था चष्म्याने सहज झाकली जाते. अशा डोळ्यावर लॅसिक करणे म्हणजे वाळवी लागलेल्या तुळईला रंधा मारण्यासारखे आहे. म्हणून आज केवळ पुढच्या पृष्ठभागाचा नकाशा पुरेसा मानला जात नाही. मागचा पृष्ठभाग आणि जाडीचा सर्व ठिकाणचा आलेखही पाहिला जातो. २००८ मध्ये रँडलमन आणि सहकाऱ्यांनी धोक्याचे गुणांकन मांडले. त्यात नकाशाचा आकार, खाली उरणारा थर, वय, मूळ जाडी आणि नंबर या पाच गोष्टी येतात. माझ्या त्या रुग्णाला आज हे गुणांकन लावले, तर तिरकस नकाशा आणि कोवळे वय एवढ्यावरच मी थांबलो असतो. शिवाय १६० मायक्रॉनचा म्हणून कापलेला पापुद्रा त्या काळच्या यांत्रिक रंध्याने प्रत्यक्षात १८५ चाही निघू शकत असे. मग उरलेला थर २६१ नसून २३६ चाच ठरतो. त्या दिवशी तो मोजण्याची तसदी मी घेतली नव्हती.

निवडीचे काही नियम सर्वांनाच ठाऊक असावेत असे आहेत. वय किमान अठरा पूर्ण, पण एकवीसनंतर अधिक बरे. नंबर किमान वर्षभर स्थिर असावा. मऊ कॉन्टॅक्ट लेन्स तपासणीपूर्वी एक-दोन आठवडे आणि कडक लेन्स त्याहून बराच अधिक काळ बंद ठेवावी, अन्यथा नकाशा फसवतो. गर्भारपणात आणि अंगावर पाजताना नंबर बदलू शकतो, तेव्हा थांबावे. डोळे आधीच कोरडे असतील, तर ते प्रथम बरे करावेत.

लग्नाची तारीख हे शस्त्रक्रियेचे कारण होऊ शकते, पण घाईचे कारण होऊ नये. तारीख तीन आठवड्यांवर आली असताना “उद्याच करून टाका” म्हणणाऱ्या पालकांना मी हात जोडून परत पाठवतो. भरतीसाठी येणाऱ्या मुलांना मी आधी त्या त्या भरतीची जाहिरात आणायला सांगतो. काही प्रवेशांना लेझर शस्त्रक्रिया चालत नाही. काहींना वय, पारपटलाची जाडी, डोळ्याची लांबी आणि शस्त्रक्रियेनंतर गेलेला काळ अशा अटींवर चालते. अट न वाचता केलेली शस्त्रक्रिया त्या मुलाचे दार उघडण्याऐवजी बंद करू शकते.

टेबलावर आणि पहिल्या आठवड्यात

लॅसिकमध्ये वरचा पापुद्रा, म्हणजे फ्लॅप, एका बाजूला बिजागरीसारखा जोडलेला ठेवून उचलतात. यांत्रिक रंध्याने तो कधी अर्धवट कापला जाई, कधी मध्येच भोक पडे, कधी बिजागरी सुटून अख्खा वेगळा होई. अशा वेळी उत्तम शल्यविशारद लेझर न चालवता फ्लॅप जागच्या जागी ठेवून काही महिने थांबतो. फेम्टोसेकंद लेझर आल्यापासून हे प्रसंग पुष्कळ कमी झाले आहेत.

पहिल्या एक-दोन दिवसांत फ्लॅपला सुरकुती पडू शकते किंवा तो सरकू शकतो. डोळा चोळणे हे त्याचे नेहमीचे कारण. फ्लॅपखाली जंतूंशिवायही दाह होतो. सूक्ष्मदर्शकाखाली तो वाळूच्या लाटांसारखा दिसतो, म्हणून त्याला सहाराची वाळू असे गमतीदार नाव पडले आहे. दुखणे थोडे असते, दृष्टी किंचित धूसर असते आणि रुग्ण म्हणतो, “सवय होईल.” वेळेवर स्टेरॉइडचे थेंब वाढवले किंवा फ्लॅप उचलून धुतला, तर बहुधा निभावते. चार दिवस वाया गेले, तर पारपटलावर व्रण राहतो. जंतुसंसर्ग दुर्मीळ आहे, पण फ्लॅपखाली झाला तर हट्टी असतो. त्यात क्षयजंतूंच्या कुळातील मंदगती जंतूही आढळतात आणि ते नेहमीच्या थेंबांना दाद देत नाहीत.

आपल्या मंडळातील सर्व डॉक्टरांना माझी एक विनंती आहे. लेझर झालेल्या माणसाने पहिल्या महिन्यात “डोळा लाल झालाय, जरा धूसर दिसतंय” असा फोन केला, तर डोळे आल्याचे समजून फोनवर थेंब सांगू नयेत. त्याला त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे पाठवावे. आणि फ्लॅप कधीच पूर्वीइतका घट्ट जुळत नाही, हेही लक्षात असावे. खेळताना लागलेले कोपर किंवा तान्ह्या मुलाचे नख यांनी तो वर्षांनंतरही सरकल्याची उदाहरणे शास्त्रीय वाङ्मयात आहेत.

फ्लॅपशिवायही लेझर करता येते. वरची पातळ त्वचा दूर करून थेट पृष्ठभाग झिजवण्याची ती जुनी पद्धत, पी.आर.के. पहिले चार दिवस ती चांगलीच दुखते आणि दृष्टी हळूहळू येते. मोठ्या नंबरात पारपटलावर धूसरपणा येऊ शकतो. पण पातळ पारपटलाच्या किंवा मार लागण्याचा संभव असलेल्या खेळाडूला ती आजही अधिक योग्य ठरू शकते. अलीकडची स्माइल पद्धत लहानशा छेदातून पारपटलातील भिंगाच्या आकाराची चकती काढून घेते. तिच्यात फ्लॅप नसतो, तथापि जाडी त्यातही खर्च होतेच आणि इक्टेशियाचा धोका तिलाही चुकलेला नाही.

‘सहा बाय सहा’ असूनही तक्रार का?

सर्वांत जास्त आढळणारी तक्रार मात्र यांपैकी कोणतीच नाही. ती आहे डोळ्यांच्या कोरडेपणाची. फ्लॅप कापताना पारपटलाच्या मज्जातंतू तुटतात. डोळ्याला कोरडेपणाची जाणीव कमी होते, पापण्या कमी मिटतात, अश्रू कमी येतात. बहुतेकांत सहा महिने ते वर्षभरात हे सावरते. थोड्या जणांत ते रेंगाळते. फार क्वचित मज्जातंतू चुकीच्या पद्धतीने भरून येतात आणि डोळा वरून निरोगी दिसत असूनही सतत ठणकतो. अशा रुग्णाला “तुमच्या मनाचे खेळ आहेत” असे म्हणण्याचे पाप आपल्या हातून घडू नये.

दुसरी तक्रार रात्रीची. समोरून येणाऱ्या गाडीच्या दिव्याभोवती वलय दिसते, तिरीप येते. पावसाळ्याच्या रात्री आंबोली घाटातून गाडी चालवणाऱ्याला याचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

अमेरिकेच्या एफ.डी.ए. या नियामक संस्थेच्या पुढाकाराने झालेल्या पाहणीचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. ते समतोल असल्याने येथे देतो. पूर्वी वलय, तिरीप असा कोणताही दृष्टित्रास नसलेल्यांपैकी शेकडा ४० हून अधिक जणांना तीन महिन्यांनी एखादा तरी नवा त्रास जाणवत होता. पूर्वी कोरडेपणा नसलेल्यांपैकी सुमारे शेकडा ३० जणांना तो जाणवू लागला होता. त्याच वेळी आपल्या दृष्टीवर समाधानी असणारे शेकडा ९५ हून अधिक होते आणि त्रासामुळे कामात फार अडचण येणारे शेकडा एकापेक्षाही कमी. दोन्ही बाजू खऱ्या आहेत. रुग्णाला दोन्ही ऐकण्याचा हक्क आहे.

चाळिशी, साठी आणि जुने कागद

‘कायमचा’ या शब्दाकडे आता वळू. उणे तीनचा माणूस पंचेचाळिशीत चष्मा काढून आरामात वर्तमानपत्र वाचतो. ही निसर्गाने दिलेली सवलत आहे. लेझरनंतर ती जाते आणि इतरांप्रमाणे त्यालाही चाळिशीचा चष्मा लागतो. हे आधी सांगितले नसेल, तर वीस वर्षांनी तो म्हणतो, “लेझर बिघडलं.”

दुसरी गोष्ट काचबिंदूची. पारपटल पातळ झाल्यावर डोळ्याचा दाब यंत्रावर प्रत्यक्षाहून कमी दिसतो. निकटदृष्टी असलेल्यांना काचबिंदूचा धोका मुळातच अधिक असतो. त्यामुळे ‘दाब नॉर्मल’ या दोन शब्दांवर विसंबून एखाद्याचा काचबिंदू वर्षानुवर्षे निसटू शकतो.

तिसरी गोष्ट मोतीबिंदूची. कृत्रिम भिंगाची शक्ती पारपटलाच्या वक्रतेवरून काढतात. लेझर झालेल्या डोळ्यात नेहमीची सूत्रे चुकतात आणि भिंग कमी शक्तीचे पडून रुग्णाला अधिक नंबर राहतो. यासाठी आता वेगळी सूत्रे उपलब्ध आहेत. तरीही शस्त्रक्रियेपूर्वीचा नंबर, वक्रता, जाडी आणि नंतर स्थिरावलेला नंबर यांची नोंद हाती असेल, तर गणित अधिक भरवशाचे होते. १९९० च्या दशकात तिशीत लेझर करून घेतलेली पिढी आता मोतीबिंदूच्या वयात येत आहे. त्यांच्यापैकी बहुतेक जण रिकाम्या हाताने येतात. कागद हरवलेले असतात, केंद्र बंद झालेले असते आणि काहींना तर लेझर झाल्याचे सांगायचेही सुचत नाही. म्हणून माझ्या प्रत्येक रुग्णाला मी एक पाकीट देतो आणि सांगतो, की ही तुमच्या डोळ्यांची जन्मपत्रिका आहे, ती घरच्या कागदपत्रांत ठेवा.

शेवटची गोष्ट सर्वांत गंभीर. सुरुवातीला म्हटल्याप्रमाणे लेझरने डोळ्याची लांबी बदलत नाही. उणे आठचा डोळा चष्म्याविना शेवटची ओळ वाचू लागला, तरी आतून तो उणे आठचाच असतो. त्याचे दृष्टिपटल तसेच ताणलेले, कडेला तसेच विरळ. त्याला छिद्र पडणे, ते सुटणे हा धोका आयुष्यभर कायम असतो. चष्मा असताना तो माणूस निदान दर वर्षी नंबर तपासायला येत असे. चष्मा गेला, की डोळ्यांच्या डॉक्टरचीही गरज संपली असे त्याला वाटते. डोळ्यापुढे एकाएकी काळे ठिपके वाढणे, विजेसारखे चमकणे, कडेने पडदा सरकल्यासारखे दिसणे, या तीन लक्षणांपैकी एक जरी दिसले, तरी त्याच दिवशी बाहुली मोठी करून तपासणी व्हायलाच हवी. आणि लक्षण नसले, तरी वर्षातून एकदा.

आपण सर्वांनी काय करावे?

ही शस्त्रक्रिया नेत्रतज्ज्ञ करतो, पण तिची सुरक्षितता अनेकांच्या हाती असते. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू आहेत, हे त्वचारोगतज्ज्ञाला ठाऊक असते. त्या गोळ्यांनी डोळे कोरडे होतात. लहानपणी उन्हाळ्यात डोळे खाजून चोळण्याची सवय बालरोगतज्ज्ञाने पाहिलेली असते, आणि त्या सवयीचा केराटोकोनसशी संबंध आहे. संधिवात, ल्युपस यांसारखे विकार आणि नियंत्रणाबाहेरचा मधुमेह फॅमिली डॉक्टरला माहीत असतो. रुग्ण यांतले काहीही आम्हाला सांगत नाही, कारण त्याच्या लेखी मुरुमांचा आणि चष्म्याचा काय संबंध? चार ओळींची चिठ्ठी दिली, तर मोठा अनर्थ टळू शकतो.

ज्यांना लेझर योग्य नाही, त्यांच्यासाठी मार्ग बंद होत नाहीत. मोठा नंबर किंवा पातळ पारपटल असल्यास डोळ्यातील मूळ भिंगापुढे बसवण्याचे कॉलामरचे भिंग हा एक पर्याय आहे. त्याचेही धोके आहेत, मोतीबिंदू आणि दाब वाढणे हे त्यातले प्रमुख. पण पारपटलाची मुद्दल त्यात शाबूत राहते. आणि चष्मा हाही एक पर्यायच आहे. मुलीच्या चष्म्यावरून स्थळ नाकारणाऱ्यांची दृष्टी सुधारणारे लेझर अजून निघालेले नाही. तोवर निदान आपण डॉक्टरांनी तरी चष्म्याला व्यंग म्हणू नये.

पुन्हा त्या प्रश्नाकडे

त्या मुलीला मी त्या दिवशी खरे उत्तर दिले. “माहीत होतं. तुला नीट सांगायला हवं होतं. माझी चूक झाली.” एवढे म्हणायला मला पुष्कळ बळ एकवटावे लागले. तिला कडक कॉन्टॅक्ट लेन्स बसवली. रायबोफ्लेविन आणि अतिनील किरण यांनी पारपटलाचे तंतू घट्ट करण्याची क्रॉस-लिंकिंग पद्धत तेव्हा युरोपात नवीच होती. ती उपलब्ध झाल्यावर तिच्या उजव्या डोळ्यावर केली आणि फुगणे थांबले. आज लेन्स लावून ती उत्तम काम करते, गाडी चालवते, दर वर्षी तपासणीला येते. चष्म्यापासून सुटका हवी म्हणून आलेल्या त्या मुलीला रोज सकाळी आरशापुढे उभे राहून लेन्स बसवावी लागते, हे मात्र मी विसरू शकत नाही.

मागील वर्षी ती आपल्या मावसबहिणीला घेऊन आली. वय वीस, नंबर उणे पाच, पारपटलाची जाडी चांगली. पण मागच्या पृष्ठभागाचा नकाशा मला पसंत पडला नाही. मी दोघींसमोर तो पडद्यावर ठेवला, बोट ठेवून दाखवला आणि म्हणालो, “आज नाही. वर्षभराने पुन्हा पाहू. कदाचित तेव्हाही नाहीच म्हणेन.” मावसबहिणीचा चेहरा उतरला. माझी जुनी रुग्ण मात्र नकाशाकडे बराच वेळ पाहत राहिली. मग बहिणीला म्हणाली, “चल. नाही म्हणणारा डॉक्टर मिळालाय.”

या शस्त्रक्रियेच्या साऱ्या अडचणींवर माझ्यापाशी एवढेच औषध आहे. मोजमाप काटेकोर असावे, धोका तोंडाने सांगावा, कागद जपावेत आणि जेथे शंका येईल तेथे ‘नाही’ म्हणण्याचे बळ असावे. चष्मा आज ना उद्या जाईल. डोळे मात्र जन्मभर पुरवायचे आहेत.